हात वर, विषय पुढे

देवानं माणसाला दोन हात दिले. जोडायला दोन्ही लागतात, टाळी वाजवायला दोन्ही लागतात, पडलेल्याला उचलायलाही बहुधा दोन्हीच लागतात. एका हातानं होणारी कामं तशी थोडीच. त्यांतलं सर्वांत सोपं म्हणजे तो वर करून ‘नाही’ म्हणणं. एवढ्याशा कामाला देवाची मदत लागत नाही. पण या गोष्टीतल्या हवालदारांना तेवढ्यासाठीही दुसऱ्याची मदत लागायची, आणि मदत कोण करायचं म्हणाल, तर ज्याला ‘नाही’ म्हणायचं तोच. कसं ते ऐका.

इमारत चार मजली. खाली लोखंडी फाटक, फाटकाला लागून हवालदारांच्या दोन खोल्या, मग जिना. जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग होता, कारण हिरव्याच्या विरोधात कुणाचा हात वर गेला नव्हता. त्या इमारतीत सगळं हातांवर चालायचं. पंप कधी लावायचा, कुत्रा पाळायचा की नाही, गच्चीवरच्या दोऱ्या कुणाच्या, सगळं वार्षिक सभेपुढे यायचं. ज्यानं इमारत बांधली तो भला माणूस होता. कुणाचं मन दुखू नये म्हणून त्यानं नियम घालून दिला, की एकही हात विरोधात वर गेला तर विषय पुढच्या वर्षी. त्यामुळे गच्चीचा गळका कोपरा गळतच राहिला, कारण चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्याच्याखाली कुंडी ठेवली होती आणि झाडानं चांगला जीव धरला होता.

इमारतीत राहायला येणारं नवं माणूसही असंच सभेपुढे यायचं, मग ते सून असो, जावई असो की घरी सांभाळायला आणलेली आत्या. मंजूर झालं की त्याला फाटकाची किल्ली मिळायची आणि सभेत खुर्ची. तोवर ते पाहुणं. पाहुण्यानं सभेत उभं राहायचं आणि फाटक कुणीतरी उघडेपर्यंत बाहेर थांबायचं.

हवालदार म्हणजे वाहतूक हवालदार. मोठ्या चौकात जन्म काढला. उजवा हात वर गेला की मालट्रकसुद्धा पावशेर धूर सोडून जागच्या जागी थांबायचा. त्यांचं एक तत्त्व होतं: हात एकदा वर केला की गाडी पूर्ण थांबेपर्यंत खाली घ्यायचा नाही. अर्ध्यात घेतला की अपघात. बायको लवकर गेली. मागे एक मुलगी. ती शिवणकाम करायची, आणि तिसऱ्या मजल्यावर दीड खोली घेऊन तिनं मशीन मांडलं होतं.

सुई ओवताना दोरा दिसेना म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानात चष्मा करायला गेली. तिथला चष्मेवाला समुद्रापलीकडून आलेला. त्याचा वंश वेगळा, कातडीचा रंग वेगळा, केसांची जात वेगळी. दोघांत उजळ कोण आणि सावळं कोण हे मी सांगत बसत नाही, कारण पुढे ज्यांनी डोळे वटारले त्यांनाही त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. वेगळं आहे एवढं त्यांना पुरेसं होतं. चष्मेवाल्यानं तिचे डोळे तपासले. हे काम फार जवळून करावं लागतं. चष्मा तयार झाला तरी ती नंबर तपासायला जातच राहिली, आणि एके दिवशी दोघं लग्न करूनच आली.

सभेत तो विषय सातवा होता.

त्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरचा बेकरीवाला उठून म्हणाला, “माझं काही नाही हो. पण उद्या यांना मुलं होतील ती पट्ट्यापट्ट्यांची होतील. एका पिठात दुसरं पीठ नीट मिसळलं नाही की पाव कसा निघतो, ते मी रोज बघतो.”

दुसरं कुणी म्हणालं, “माझंही काही नाही. लोक काय म्हणतील, एवढंच.” लोक म्हणून जे कुणी होते ते सगळे त्याच खोलीत बसले होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं काही नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, “विरोधात कोण?” तेव्हा सगळे आपापल्या मांडीकडे बघायला लागले. आणि त्या शांततेत एकच हात वर गेला, सरळ, कोपरात न वाकता. हवालदारांचा.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. विषय पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षीही हात वर गेला. त्याच्या पुढच्याही. लोकांना सवय झाली. पाचवा विषय झाला की बायका चहाचे कप भरायला घ्यायच्या, म्हणजे सातव्यापर्यंत हवालदारांचं भाषण संपून चहा बरोबर पिण्याजोगा व्हायचा.

मध्ये जग चालतच राहिलं. आधी असं एखादं जोडपं दिसलं की माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मग मान वळवून बघायला लागली. मग बघेनाशी झाली. बँकेच्या जाहिरातीत तसलं जोडपं हसत उभं राहिलं, तेव्हा सगळ्यांना कळलं की आता यात काही वावगं नाही. इमारतीतच तशी अकरा-बारा लग्नं झाली आणि सगळी चहाच्या आधी मंजूर झाली, कारण त्यांच्या विरोधात हात वर करायला घरचं कुणी नव्हतं. बेकरीवाल्याची सूनच त्या वंशाची आली. तो आता सकाळी पाव देताना गिऱ्हाइकाला सांगायचा, “आमच्याकडे आधीपासूनच मोकळं वातावरण.” एकाच रंगाचं नवं जोडपं जिना चढताना दिसलं की जिन्यातल्या बायका हळहळायच्या, “असू दे, तेही सुखी होतील.”

पण ज्यांनी वाट पाडली ते मात्र फाटकाबाहेरच. चष्मेवाला तीसेक वर्षं पाहुणाच होता. रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो फाटकाशी यायचा आणि कडी वाजवायचा. फाटक उघडायचे हवालदार, कारण तळमजला त्यांचा.

“कोण आहे?” रोज विचारायचे.

“पाहुणा.”

“या.”

हवालदार जावयाला जावई म्हणत नसत. मंजूर नसलेल्याला जावई कसं म्हणणार. ते म्हणायचे, विषयराव. “विषयराव, चहा टाका.” “विषयरावांना सांग, माझ्या चष्म्याची काडी सैल झाली.” जेवायला ते दोन्ही वेळा लेकीकडे. संध्याकाळी पाय चेपायचे विषयराव. नात झाली तेव्हा बेकरीवाला विजेरी घेऊन पट्टे बघायला आला होता. हवालदारांनी बाळाला उन्हात धरून पुढून-मागून दाखवलं, आणि त्या वर्षीच्या सभेत स्वतः उठून सांगितलं, “पट्टे नाहीत. हे कारण मी मागे घेतो. बाकीची कारणं कायम.” असा सरळ माणूस.

मग त्यांचा खांदा धरला. जन्मभर वर राहिलेला हात. शेवटी हाडानंच संप केला. छातीपलीकडे जाईना. ज्या वर्षी पहिल्यांदा तसं झालं, त्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, “विरोधात कोण?” आणि हवालदारांच्या कपाळाला घाम फुटला. हात निम्म्यावरच अडला. सभेत चुळबुळ सुरू झाली, की निम्मा हात धरायचा का नाही. तेव्हा मागे उभा असलेला चष्मेवाला पुढे आला, त्यानं एक हात त्यांच्या कोपराखाली आणि एक मनगटाला लावला, आणि हळूच, दुखू न देता, हात पूर्ण वर नेला.

हवालदार नुसतं म्हणाले, “आभारी आहे.”

तेव्हापासून तेच ठरून गेलं. त्याच वर्षी मुलीनं सगळ्या सदऱ्यांच्या उजव्या काखेत तिकोनी कळी घालून दिली, म्हणजे हात वर जाताना कापड ओढायचं नाही. “विरोध करायचा तर नीट कपड्यांत करा,” म्हणाली. पुढे डोळेही मंदावले. चष्मा विषयरावांनीच केला, भाषणही विषयरावच लिहून द्यायला लागले. स्वतःच्या विरोधातली भाषणं लिहिता लिहिता त्याची भाषा इतकी सुधारली, की इमारतीतल्या मुलांचे निबंध तो तपासायचा.

यंदा मात्र गाडं अडलं.

नव्या अध्यक्षीणबाई उत्साही होत्या. शहरातल्या सर्वांत मोकळ्या मनाच्या इमारतीला फाटकावर लावायला पितळी पाटी मिळणार होती. अट एकच: कुणाचंही लग्न, वंश किंवा रंग यांवरून अडलेलं नसावं. अध्यक्षीणबाई तिसऱ्या मजल्यावर आल्या तेव्हा मुलगी एका कोटाच्या बाह्या आखूड करत होती.

“तुमच्या वडिलांना यंदा समजावा. इमारतीची शोभा होतेय.”

“पाटी मिळाली काय, नाही काय, मला नको,” मुलगी म्हणाली. दातात टाचण्या होत्या, त्या तिनं काढून उशीत टोचल्या. “पण मला त्यांचा होकार हवाय. ते आता शहाऐंशीचे झाले. ‘नाही’वरच गेले तर मी कुणाकडे मागायचा?”

अध्यक्षीणबाईंनी दोन्हींत काही फरक नाही असं समजून समाधानानं मान हलवली आणि गेल्या.

त्या दिवशी नवरा जेवून हात पुसतोय तोवर मुलीनं त्याला गाठलं. “अहो, यंदा हात वर करू नका.”

“कुणाचा?”

“कुणाचा काय? बाबांचा. तुम्ही उचललाच नाही तर तो जातोच कुठे वर?”

चष्मेवाल्यानं टॉवेल नीट घडी करून ठेवला. “अगं, असं कसं. हात त्यांचा, मत त्यांचं. माझ्या स्वाधीन केलंय त्यांनी.”

“मत तुमच्याच विरोधात आहे ना.”

“म्हणून तर. माझ्या बाजूचं असतं तर एखाद्या वर्षी आळस केला असता.”

“देवा,” मुलगी म्हणाली, “एक बाप दिलास असा, नवराही शोधून त्याच मापाचा दिलास.”

मग त्याला बिचाऱ्याला भाषण लिहायला खाली जायचंच होतं. हवालदार खाटेवर बसले होते. खोलीत खाट, एक खुर्ची आणि भिंतभर लाकडी कपाट.

“बाबा, यंदा कारण काय लिहू?”

“मागची वाचा.”

“सहा महिन्यांत सोडून जाईल.”

“गेला नाहीत. खोडा.”

“पट्टे.”

“ते खोडलंय.”

“यांच्या हातचं जेवण पचणार नाही.”

हवालदारांनी पोटावरून हात फिरवला. “खोडा.”

“घोरतो.”

“तो तुमचा दोष नाही. मीही घोरतो, असं ती म्हणते. खोडा.”

विषयरावांनी पेन मिटलं. “बाबा, कारण उरलं नाही. तुम्ही म्हणाल तर मी एखादं नवं शोधतो. दुकानात मी हल्ली थोडा चिडतो.”

“खोटं नको.” हवालदार बराच वेळ समोरच्या कपाटाकडे बघत राहिले. “एक आहे. पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. भाषण राहू द्या. हात तेवढा वर करा.”

“बरं.”

“आणि तिला सांगू नका.”

“विचारलं तर सांगावं लागेल.”

“हं. ते आहेच तुमच्यात,” हवालदार म्हणाले. ते पहिल्याच वर्षीचं गाऱ्हाणं असल्यासारखं म्हणाले.

सभा नेहमीच्या जागी, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत. यंदा फुगे लावले होते. पाचवा विषय झाला, सहावा झाला. अध्यक्षीणबाईंनी आवाज गोड केला. “विषय क्रमांक सात. प्रलंबित लग्न. मला वाटतं, यंदा काही बोलायचीच गरज नाही. विरोधात कुणी नाही ना?”

हवालदार पहिल्या रांगेत खुर्चीवर. बाजूला विषयराव उभे. मुलगी भिंतीशी. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते शेवटच्या रांगेतल्यालाही चष्म्याशिवाय वाचता आलं असतं.

हवालदार हळू म्हणाले, “विषयराव. हात.”

चष्मेवाल्यानं बायकोकडे बघितलं. मग एक हात कोपराखाली, एक मनगटाला. काखेतली कळी उलगडली. हात वर गेला, कोपरात न वाकता.

मग बेकरीवाला उठला.

“लाज वाटायला हवी,” तो म्हणाला. “माणसाला माणूस म्हणून बघता येत नाही अजून? रंग बघता?”

“कुठल्या जमान्यात आहेत हे,” चौथ्या मजल्यावरच्या कुंडीवाल्या बाई म्हणाल्या.

“अशा विचारांच्या माणसाला फाटकाजवळ ठेवलंच कशाला,” आणखी एक जण. “बाहेरून येणाऱ्याला पहिलं यांचंच तोंड दिसतं.”

“किल्ली काढून घ्या.”

“बोलणंच टाकलं पाहिजे यांच्याशी. कुणी पाणी विचारायचं नाही.”

“विषयच मांडतो मी,” बेकरीवाला म्हणाला. “विषय क्रमांक आठ. हवालदारांना या इमारतीत ठेवायचं की नाही. आपण सगळी माणसं सारखी मानतो. जो मानत नाही, तो आपल्यातला नाही.”

हवालदार समोर बघत बसले होते. हात वरच होता. तो वर होता कारण विषयरावांनी धरला होता, आणि विषयरावांना तो आता सोडता येईना, कारण सभेनं अजून मोजला नव्हता. तशाच अवस्थेत विषयराव म्हणाले, “कृपा करून त्यांना बोलू नका. त्यांना उत्तर द्यायला उठता येत नाही, आणि माझे दोन्ही हात अडकलेत.”

“तुम्ही मध्ये पडू नका,” बेकरीवाला म्हणाला. “आम्ही तुमच्याच बाजूनं भांडतोय. आणि पाहुण्याला सभेत बोलायची परवानगी नाही.”

तेव्हा मुलगी भिंत सोडून पुढे आली.

“माझ्या बापाला पाणी कोण विचारणार नाही म्हणालं? हात वर करा बघू,” ती म्हणाली.

सगळ्यांनी मांडीकडे बघितलं.

“हे असंच,” ती म्हणाली. “तुम्ही तेव्हाही हेच केलं होतं. पट्ट्यांचं भाषण ठोकलंत काका तुम्ही, आणि हात वर करायच्या वेळी चपलेचा अंगठा बघत बसलात. सगळ्या इमारतीचं ‘नाही’ या एका हातावर लटकवून तुम्ही मोकळे झालात. वारा फिरला, तुम्ही फिरलात. बरं झालं, चांगल्या दिशेला फिरलात, देवाची कृपा. पण ज्याच्या आड लपलात त्यालाच दगड मारू नका. हा माणूस माझ्या तोंडावर नाही म्हणाला आणि माझ्याच ताटात जेवला. तुमच्यातल्या कितीजणांनी हो म्हणत म्हणत माझ्या हातचं पाणी टाळलं होतं, ते मला ठाऊक आहे. नावं घेत नाही.”

बेकरीवाला खाली बसला. त्याची सून शेजारीच होती. तिनं आपली खुर्ची जरा लांब सरकवली.

मग मुलगी बापाकडे वळली. आवाज खाली आला. “आणि तुम्ही. यंदा भाषण नाही, काही नाही. कारण काय ते सांगा आता.”

“चारचौघांत नको.”

“चारचौघांतच हात वर केलाय ना.”

हवालदार म्हणाले, “मला विचारलं नाहीस.”

“काय?”

“लग्न करायच्या आधी. मला विचारलं नाहीस.”

कुंडीवाल्या बाईंच्या हातात बशीवर कप खणखणला.

“विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?” मुलगी म्हणाली.

“नाही.”

“मग?”

“नाही म्हणायला तरी मिळालं असतं. चिडलो असतो, चार दिवस जेवलो नसतो, मग तुझ्या आईचा फोटो बघून काहीतरी म्हणालो असतो. बापाचं तेवढं काम असतं. तू लग्न करूनच आलीस आणि जिन्यात सांगितलंस. माझ्या हातात भाजीची पिशवी होती.” ते थांबले. “मी हात वर केला तेव्हा गाडी पुढे निघून गेली होती. मग खाली कधी घ्यायचा, ते मला कळेना.”

मुलीनं पदर तोंडाशी नेला नाही की डोळे पुसले नाहीत. दोरा ओवताना करते तसे तिनं डोळे बारीक केले. मग ती बापाच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली, आणि भर सभेत, फुग्यांच्या खाली, पन्नाशी उलटलेल्या त्या बाईनं विचारलं, “बाबा, मला एकजण आवडलाय. चष्मे करतो. लांबचा आहे, आपल्या वंशाचा नाही. करू का मी त्याच्याशी लग्न?”

हवालदारांनी मान वर करून हात धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. नीट, खालपासून वरपर्यंत.

“विचार करून सांगतो,” ते म्हणाले. “विषयराव, हात खाली घ्या. खांदा दुखत असला की विचार होत नाही.”

विषयरावांनी हात खाली घ्यायला सुरुवात केली आणि छातीशी थांबवला. “म्हणजे विरोध मागे घेतला असं समजायचं का?”

“विचार चालू आहे असं समजायचं.”

नियमात विचाराची सोय नव्हती. अध्यक्षीणबाईंनी ती वेळ साधली. “विरोधात हात नाही. विषय सात मंजूर,” त्या घाईनं म्हणाल्या, आणि लाल फीत बांधलेली किल्ली चष्मेवाल्यापुढे धरली. टाळ्या झाल्या. कुणीतरी आनंदानं फुगा फोडला.

चष्मेवाल्यानं किल्ली घेतली नाही. “अजून घरचं उत्तर आलेलं नाही,” तो म्हणाला. “त्याआधी मी आत कसा येऊ.”

अध्यक्षीणबाई किल्ली हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पाटीवाल्यांना काय सांगायचं याचा विचार त्यांनीही सुरू केला असावा.

हवालदारांनी आठवडाभर विचार केला. जेवायला आले, पण बोलले नाहीत. संध्याकाळी कडी वाजली की “कोण आहे?” विचारायचे आणि पाहुण्याला आत घ्यायचे. मुलीनं आठवड्यात दोन सदरे उलटे शिवले. रविवारी सकाळी निरोप आला: मुलाला खाली पाठवा.

चष्मेवाल्यानं इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले. पिकलेले असले तरी विंचरले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. मुलगी आतल्या खोलीत भांडी घासत होती, आणि भांडी मुळीच वाजत नव्हती.

“वय?” हवालदारांनी विचारलं.

“एकसष्ट.”

“मुलीपेक्षा बरंच आहे. आधी काही लग्न वगैरे?”

“झालेलं आहे.”

“कुणाशी?”

“हिच्याशीच.”

“टिकलं?”

“टिकलंय.”

“मूलबाळ?”

“एक मुलगी. नोकरीला लांब असते.”

“हं. घरी आणखी कोण?”

“आम्ही दोघं. सासरे जेवायला असतात.”

“सासऱ्यांचं आणि तुमचं कसं आहे?”

चष्मेवाल्यानं विचार केला. “ते माझ्या विरोधात आहेत. पण माणूस सरळ आहे.”

हवालदारांनी ते ऐकून घेतलं. “तुमच्या घरी आमची मुलगी चालली का? आम्ही पडलो वेगळ्या रंगाचे.”

“नाही चालली. आई तीन वर्षं फोनवर फक्त हवापाणी विचारायची. मग एकदा तिनं विचारलं, सासरे कसे आहेत. म्हटलं, विरोधात आहेत. तर तिला एकदम बरं वाटलं. म्हणाली, म्हणजे तिकडेही कुणीतरी शहाणं आहे. तेव्हापासून नीट बोलायला लागली. शेवटपर्यंत तुमची चौकशी करायची.”

“तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

हवालदारांनी मान हलवली, हळूहळू, बराच वेळ. जणू चौकात एका बाजूची सगळी वाहनं जाऊ देत होते.

“मुलगी ठेवणार कुठे?”

“तिसऱ्या मजल्यावर.”

“लांब आहे,” हवालदार म्हणाले.

आतली शांतता आणखी शांत झाली.

“एकुलती एक आहे. इतकी लांब द्यायची माझी तयारी नाही. माझ्यानं आता जिना होत नाही. परवा दुसऱ्या मजल्यावर बसून राहिलो होतो, बेकरीवाल्यानं पाणी दिलं. इथे खाली येऊन राहाल का? दोन खोल्या आहेत.”

चष्मेवाल्यानं तोंड उघडायच्या आत मुलगी ओल्या हातांनी बाहेर आली. “आणि माझं मशीन कुठे ठेवायचं? इथे उजेड कुठून येतो?”

“मोठ्यांची बोलणी चाललीयेत,” हवालदार म्हणाले.

“ते कपाट हलवलं तर खिडकी मोकळी होईल.”

“कपाट हलणार नाही. ते तुझ्या आईनं तिथे ठेवलंय.”

“मग मशीन बसणार नाही, आणि मशीन नाही तिथे मी नाही.”

“बाबा,” चष्मेवाला मध्ये पडला, “कपाट समोरच्या भिंतीला लावलं तर?”

“मावणार नाही.”

“मोजून बघू.”

मुलीच्या गळ्यात टेप होतीच. एक टोक हवालदारांनी खाटेवर बसल्या बसल्या डाव्या हातानं धरलं, दुसरं विषयरावांनी पलीकडच्या कोपऱ्यात. मुलीनं भिंत मोजली, कपाट मोजलं, पुन्हा भिंत मोजली. माप तेच निघालं.

“दोन बोटं जास्त आहे,” ती म्हणाली. “कपाट बसत नाही. मशीन बसत नाही. नाही जमत, बाबा.”

हवालदार कपाटाकडे बघत राहिले. त्यांनी टेपचं टोक सोडलं नव्हतं.

“सुताराला बोलवा. कापा ती दोन बोटं,” ते म्हणाले. “दोन बोटांसाठी एवढं चांगलं स्थळ घालवायचं का.”

मुलीनं हात पदराला पुसले, कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि वरच्या फळीपासून ते रिकामं करायला घेतलं.